बबनतात्यांची घंटी

बबनतात्यांच्या दहाव्याच्या आदल्या दिवशी त्यांचा मुलगा माझ्या दुकानात आला. इंदापुरात माझं साउंड आणि व्हिडिओ शूटिंगचं दुकान आहे. लग्न असो, वाढदिवस असो, दहावा असो, स्पीकर आमचेच असतात.

"दादा, तुमच्याकडं तात्यांचा आवाज हाय की काँप्युटरमधी," तो म्हणाला. "त्यांच्याच आवाजात त्यांना श्रद्धांजली झाली तर? आख्खा तालुका नाव काढंल."

मी नाही म्हणालो. त्यानं कारण विचारलं. मी वायरी गुंडाळत राहिलो. तो रागानंच गेला.

दुसऱ्या दिवशी घाटावर मी सवयीनं स्पीकर मांडायला लागलो, तर काकू, म्हणजे तात्यांच्या पत्नी, चालत माझ्यापर्यंत आल्या. "ते डबडं गाडीतच राहू दे," म्हणाल्या. "कावळ्याला येऊ दे." स्पीकर गाडीतच राहिले. पिंड ठेवले आणि भटजींचे हात पुसून होण्याआधीच कावळा शिवला. बायकांनी हात जोडले. जो माणूस इतकी वर्षं दुसऱ्यांच्या दहाव्याला बोलला, त्याच्या दहाव्याला चार शब्दसुद्धा झाले नाहीत. बोलायला मीच उभं राहायला हवं होतं. तेव्हा धाडस झालं नाही. म्हणून आता लिहितो आहे.

तात्या एसटीत कंडक्टर होते. बारामती-इंदापूर ही त्यांची गाडी, आणि घर जंक्शनला, वालचंदनगरच्या फाट्यावर. अंगानं काटकुळे, खाकी शर्ट खांद्यावर नसून खुंटीवर अडकवल्यासारखा दिसायचा. पण आवाज असा की, "पुढं सरका पाव्हणं, माणसं उभी हायत" असं ते मागच्या दारातून म्हणाले की ड्रायव्हरसुद्धा सीटवर पुढं सरकतो, अशी त्यांची चेष्टा चालायची. निवृत्त झाल्यावर या आवाजाचं करायचं काय, हा प्रश्नच होता. काकू म्हणायच्या, "घरात बोलत्यात आन् शेजारची भांडी पडत्यात."

आमच्या भागात दहाव्याला भाषणं होतात. नदीकाठी घाटावर मंडप, एका बाजूला विधी, दुसऱ्या बाजूला माइक. आधी प्रवचन, मग श्रद्धांजली. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, कारखान्याचे संचालक, पाहुण्यातला एखादा वकील. आमच्याकडं मेलेला प्रत्येक माणूस मनमिळाऊ, परोपकारी आणि देवमाणूस असतो. मी इतक्या देवमाणसांना स्पीकर लावले आहेत की हे सगळे जिवंत होते तेव्हा गावात भांडणं कोण करत होतं, असा मला प्रश्न पडतो.

अशाच एका दहाव्याला कुणीतरी तात्यांच्या हातात माइक दिला. निमगाव केतकीकडची एक म्हातारी गेली होती. तात्या उभे राहिले, डावा हात आपोआप वर गेला. बसमध्ये डोक्यावरचा दांडा धरतात तसा. तिथं दांडा नव्हता, तरी हात वरच. आणि म्हणाले, "ह्या म्हातारीनं माझ्या गाडीत सोतासाठी कधी जागा मागितली न्हाय. पण एकदा कोंबडीच्या पाटीसाठी मागितली. म्हणली, मी उभी ऱ्हाते, पर तिला अंडी घालायची हायत, तिला बसू द्या. मी जागा दिली. मी एवढंच बघितलंय. रामराम."

मंडप हसला आणि हसता हसता म्हातारीच्या लेकी रडायला लागल्या. त्या दिवसापासून लोक तात्यांना बोलवायला लागले.

त्यांचा नियम साधा होता. बघितलेलं बोलायचं. ऐकलेलं नाही, वाटलेलं नाही, घरच्यांनी कानात सांगितलेलं तर मुळीच नाही. आणि थोडक्यात आटपायचं. कारण एक गोष्ट त्यांना ठाऊक होती आणि मला ठाऊक होती. कर्णा वाजत असतो तोवर कावळा येत नाही. पुढारी लांबड लावतात, कावळा लांब बाभळीवर बसून राहतो, आणि इकडे घरच्यांचा जीव वरखाली होतो की मेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली. मग कुणी पिंडापुढं हात जोडून म्हणतं, "पोरीचं लगीन मी करतो, आता घे बाबा." तात्या माझ्या कानाशी येऊन म्हणायचे, "इच्छा-बिच्छा काय न्हाय रं. त्या सरपंचाला खाली बसीव." स्वतः बोलून झालं की ते माझ्याकडं बघायचे, म्हणजे मी सगळं बंद करायचं. त्यांच्या भाषणानंतर कावळा लगेच शिवतो, अशी त्यांची ख्याती झाली. लोकांना वाटायचं ती तात्यांच्या वाणीची पुण्याई. आम्ही दोघं कधी काही बोललो नाही.

खरं बोलणं सगळ्यांना मानवायचं असं नाही. एका दारुड्या माणसाच्या दहाव्याला ते म्हणाले, "हा पिऊन चढायचा. गाडीत वकायचा. पण पोर कडंवर घेतलेली बाई चढली की पयला उठायचा हाच. झोकांड्या खात उभा ऱ्हायाचा, पण उठायचा." मुलगा अंगावर धावून गेला. "माझ्या बापाची इज्जत काढतो व्हय रं, म्हाताऱ्या?" चार जणांनी त्याला धरलं. तात्या हलले नाहीत. तेवढ्यात त्या माणसाची बायको म्हणाली, "सोड त्यांना. पितो ते समद्या गावाला ठावं होतं. उठतो, ते मला ठावं नव्हतं."

आणि एका वजनदार माणसाच्या दहाव्याला, जिथं मंडप रस्त्यापर्यंत गेला होता, ते माइकपुढं गेले, हात वर झाला आणि म्हणाले, "मी ह्यांना वळखत न्हवतो. रामराम." पूर्ण तालुक्याला माहीत होतं, की ओळखत होते.

मी त्यांना एकदा विचारलं, "तात्या, एवढं बघितलेलं बघितलेलं करता, तुमचं कधी चुकलं नाही का?" आम्ही घाटावर वायरी गुंडाळत होतो. ते वायर कोपराला गुंडाळत राहिले.

"एकदा चुकलं," म्हणाले. "घंटी चुकली."

एसटीची घंटी कशी असते, ते नव्या पोरांना सांगावं लागतं. छताला दोरी असते. कंडक्टरनं एकदा ओढली की ड्रायव्हरनं थांबायचं. दोनदा ओढली की निघायचं. तात्या म्हणाले, "दोन मारायला पायजे हुत्या. एक मारली." आणि वायरीचं भेंडोळं गाडीत नेऊन टाकलं. मी पुढं विचारलं नाही. मला वाटलं, गाडी उगाच मध्येच थांबली असेल.

मग त्यांचा घसा बसला. आठ-पंधरा दिवसांत बरा होईल म्हणता म्हणता पुण्याच्या दवाखान्यात गेले आणि तिथं कॅन्सर निघाला. जीव वाचला, स्वरयंत्र काढावं लागलं. परत आले तेव्हा गळ्याला भोक होतं आणि त्यावर पांढरा रुमाल. बोलायला तोंड उघडायचे, ओठ हलायचे, आणि त्या भोकातून नुसता वारा यायचा. मी भेटायला गेलो तर त्यांनी नातवाची पाटी घेतली आणि लिहिलं, "गाडी डेपोत जमा."

मला ते सहन झालं नाही. हे मी खरं सांगतो. सुरुवात चांगल्या मनानंच झाली होती.

माझ्याकडं तात्यांच्या भाषणांची रेकॉर्डिंगं पडून होती. एआयला एखाद्याचा आवाज पुरेसा ऐकवला की तो त्या आवाजात काहीही बोलतो, हे मी पाहिलं होतं. मी जाहिरातींसाठी ते वापरायलाही लागलो होतो. तात्यांचा आवाज मी त्यात घातला, एका टॅबवर बसवला आणि जंक्शनला नेऊन दिला. "तात्या, लिवा काय पण. त्यो बोलंल."

तात्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं. टॅबमधून त्यांचा आवाज आला, अगदी तोच, मागच्या दारातून येणारा. "चहात साखर कमी हाय."

काकूंच्या हातातलं ताट खाली पडलं. त्या आत गेल्या, पदर डोळ्याला लावून परत आल्या आणि म्हणाल्या, "ह्यो त्यांचा आवाज न्हाय. ते माझ्याशी एवढं हळू कधी बोलल्यात?" तात्या हसले. आवाज न होता हसणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

निघताना त्यांनी मला थांबवलं आणि टॅबवर लिहिलं. आवाज म्हणाला, "सुन्या, एक ध्यानात ठेव. मी जितं बसलोय, तितंच ह्यो आवाज बोलंल. मी नसंल तितं न्हाय."

"शब्द देतो," मी म्हणालो.

काही महिने पाळला. तात्या दहाव्याला यायचे, टॅब मांडीवर, मी त्याला वायर जोडायचो, आणि ते आधी लिहून आणलेली दोन-चार वाक्यं स्पीकरवरून ऐकू यायची. हात तेव्हाही वर जायचा. लोक म्हणायचे, तात्या परत आले.

मग एका घरच्यांनी गळ घातली. त्यांची आई गेली होती आणि तात्या तपासणीसाठी पुण्यात होते. "आईची लई इच्छा हुती, तात्यांनी बोलावं." मी त्यांच्याकडून चार गोष्टी विचारून घेतल्या आणि एआयला सांगितलं, श्रद्धांजलीचं भाषण लिही. त्यानं क्षणात लिहिलं. मायेची सावली, कष्टाचा डोंगर, पोकळी कधी न भरून येणारी. मी ते तात्यांच्या आवाजात लावलं. लोक रडले. घरच्यांनी माझे हात हातात घेतले. मला वाटलं, यात कुणाचं काय वाईट झालं?

तात्यांना मी सांगितलं नाही. मग दुसरं झालं, तिसरं झालं. लांबच्या गावांतून बोलावणी आली. लोकांना यंत्राचं सांगायचीही गरज पडली नाही. तात्यांना बोलता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते घरून लिहून पाठवतात, अशी समजूत आपोआप झाली. मी ती मोडली नाही.

आता विचार करतो तेव्हा वाटतं, ते यंत्र खोटं बोलत नव्हतं. खोटं बोलायलासुद्धा आधी खरं माहीत असावं लागतं. ते कुठल्याही गाडीत बसलेलं नव्हतं, त्यानं कुणाला उठून जागा देताना पाहिलं नव्हतं. समोरच्याला बरं वाटेल ते जुळवून द्यायचं, एवढंच त्याला येत होतं. खोटं मी बोलत होतो. त्या शब्दांना मी तात्यांचा आवाज देत होतो.

मग इंदापूरकडच्या एका गावातून अण्णांचा फोन आला. अण्णा त्या गावातलं बडं प्रस्थ. त्यांची सून रूपाली शेततळ्यात पडून गेली होती. उन्हाळ्यात पाणी साठवायला आमच्याकडं शेतात मोठा खड्डा करून प्लॅस्टिकचा कागद अंथरतात. त्या कागदावर शेवाळ धरतं. आत पडलेल्या माणसाला वर येता येत नाही. हात सरकतो, पाय सरकतो. दरवर्षी एखादं तरी जातंच. पोलिसांनी अपघाती मृत्यू म्हणून नोंद केली होती.

"तात्यांचं जरा चांगलं लावा," अण्णा म्हणाले. "पोर आमाला लेकीवानी हुती, घरात सुखात हुती, असं येऊ द्या. तिची आई जरा शंका काढती. बाईमाणूस हाय, दुःखात हाय. तिचं समाधान व्हायला पायजे."

एवढं ऐकूनही मी लावलं. शंका काढती, हे शब्द मी ऐकले होते. ऐकले नाहीत असं मी आता म्हणू शकत नाही.

घाटावर गर्दी होती. रूपालीची आई, सुमनमावशी, काटेवाडीजवळच्या एका वस्तीवरून आल्या होत्या. नवरा नाही, दोन म्हशींवर घर. रूपालीची लहान मुलगी अण्णांच्या बायकोच्या मांडीवर होती आणि मावशी लांबून तिच्याकडे बघत होत्या. तक्रार द्यायची का, हे मावशींनी दहाव्यावर ठेवलं होतं. दहावा होऊ दे, मग बघू, असं त्या सगळ्यांना म्हणाल्या होत्या. तक्रार दिली तर नात तुटणार, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

भाषणं सुरू झाली. कावळा येत नव्हता. पिंडावर दही वाहिलं, कुणी लाडू ठेवला, कुणी म्हणालं पोरीला चहा आवडायचा, चहा आणा. अण्णांनी हात जोडून सांगितलं, "नातीला मी डॉक्टर करीन." कावळे बाभळीवरच. मावशी तोंडात पदर कोंबून बसल्या होत्या. मी तात्यांचा आवाज लावला.

"रूपाली या घरात लेक म्हणून आली आणि लेक म्हणूनच राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं समाधान मी पाहिलं आहे."

मी पाहिलं आहे. हे वाक्य यंत्रानं तात्यांच्या जुन्या भाषणांतून उचललं होतं. बघितलेलं बोलायचं, हा त्यांचा नियमसुद्धा त्यानं शिकून घेतला होता.

आणि तेव्हा मला तात्या दिसले. मंडपाच्या मागच्या टोकाला, काखेत पिशवी. ते न बोलावता आले होते. आपलाच आवाज स्पीकरवरून ऐकत उभे होते. हात वर नव्हता. दोन्ही हात खाली लोंबत होते.

भाषण संपलं. सवयीनं मी सगळं बंद केलं. घाट एकदम शांत झाला, आणि बाभळीवरून एक कावळा उठला, खाली आला आणि पिंडाला शिवला.

मंडपातून "शिवला, शिवला!" असा आवाज झाला. सुमनमावशी मोठ्यानं रडल्या आणि म्हणाल्या, "सुखी हुती गं माझी लेक. तात्या म्हणलं. सुखी हुती." लोक उठायला लागले.

तात्या गर्दी कापत माइककडं आले, पिशवीतून टॅब काढला, माझ्याकडं बघितलं आणि वायरीकडं बोट केलं. माझा हात मिक्सरवर होता. अण्णा माझ्या शेजारी होते, हळूच म्हणाले, "झालंय आता. कावळा शिवल्यावर बोलत न्हाईत." मी वायर दिली नाही. तात्यांनी तसाच टॅब डोक्याच्या वर धरला आणि बटण दाबलं. त्याच्या इवल्याशा स्पीकरमधून आवाज आला. जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं.

"ही पोरगी एकदा माझ्या गाडीत चढली हुती. नवी नवरी हुती. पायात काय न्हवतं, गालावर बोटं उठली हुती. आईकडं निघाली हुती. मागनं जीप आली, हॉर्न मारीत. गाडीतली माणसं म्हणाली, घरातली भानगड हाय, आपल्याला काय. ही म्हणली, तात्या, घंटी मारू नका. मी मारली. गाडी थांबली. तिला उतरवून न्हेलं. मी हे बघितलंय."

जवळच्या दोघा-तिघांनी मान वळवली. एकानं विचारलं, "तात्या आत्ताच येगळं म्हणलं की?" त्यावर अण्णांचा पुतण्या हसून म्हणाला, "आवो, मशीन हाय ते. मशीनला काय कळतंय, काय बी बोलतंय." दोघं-तिघं हसले आणि चपला शोधायला गेले.

मोठ्या स्पीकरवरचं खोटं तात्यांचं ठरलं. तात्यांच्या हातातलं खरं मशीनचं ठरलं.

तात्यांनी टॅब माझ्या मिक्सरवर ठेवला. फेकला नाही, आपटला नाही. ठेवला आणि गेले. पुन्हा त्याला हात लावला नाही.

पोलीस ठाण्यात ते एकटेच गेले, ते मला नंतर काकूंकडून कळलं. तिथले साहेब सभ्य होते, खुर्ची दिली. तात्यांनी पाटीवर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. साहेबांनी सगळं वाचलं आणि मग आपला मोबाइल पुढं केला. दहाव्याचा व्हिडिओ होता, माझ्याच दुकानाचं नाव खाली असलेला. "तात्या, हा आवाज तुमचाच ना?" तात्यांनी लिहिलं, "आवाज माझा. बोललो मी न्हाय." साहेब म्हणाले, "मग कोण बोललं?" तात्यांनी माझं नाव लिहिलं नाही. का लिहिलं नाही, ते मला आजही सांगता येत नाही. साहेब शेवटी म्हणाले, "आईची तक्रार आली तर बघता येईल. नुसत्या तुमच्यावर कसं चालायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या माझ्या दुकानाच्या पायरीवर उभे होते. पाटीवर एकच शब्द होता. "चल."

बारामतीच्या गाडीत बसलो. तात्या माझ्याकडं बघत नव्हते. खिडकीतून ऊस मागं जाताना बघत होते. काटेवाडीला उतरून वस्तीवर चालत गेलो. सुमनमावशी म्हशीखालचं शेण काढत होत्या. आम्हाला बघून त्यांनी हात धुतले, घोंगडं अंथरलं.

"तात्या, तुमी बोलला म्हणून माझ्या जिवाला थारा हाय बगा," त्या म्हणाल्या. "न्हायतर मी येडी झाले असते."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मावशींना वाचता येत नव्हतं. पाटी कामाची नव्हती. तिथं बोलू शकणारा मी एकटाच होतो.

मी सांगितलं. तो आवाज मशीनचा होता, शब्द मशीनचे होते, सांगणारे अण्णा होते आणि लावणारा मी. तात्यांनी काय पाहिलं होतं, तेही सांगितलं, जीप, अनवाणी पाय, घंटी. मावशी ऐकत होत्या. हातातली ओली चुंबळ पिळत होत्या. मग त्यांनी मान वर केली.

"मग कावळा कसा शिवला?"

याचं उत्तर मला माहीत होतं. या जगात ते दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातल्या एकाला आवाज नव्हता. मी स्पीकर बंद केला म्हणून शिवला, मावशी. एवढंच म्हणायचं होतं. तात्या माझ्याकडं बघत होते. त्यांचे ओठ हलले. रुमालाखालून वारा आला.

मी मावशींच्या तोंडाकडं बघितलं. त्यांच्याकडं तेवढंच उरलं होतं. लेक तृप्त होऊन गेली, तेवढंच.

"ते आपल्याला कसं कळणार, मावशी," मी म्हणालो. "तिची इच्छा पूर्ण झाली असंल."

तेव्हा मी स्वतःला सांगितलं, की ही दया आहे. दया नव्हती. मशीन जे करत होतं तेच मी केलं. समोरच्याला बरं वाटेल ते जुळवून दिलं.

पुढचं आधी सांगून टाकतो, कारण शेवट मला तात्यांचा ठेवायचा आहे. त्याच दिवशी मी वस्तीवर परत गेलो आणि मावशींना कावळ्याचं सांगितलं.  त्या उठून म्हशीला पाणी दाखवायला गेल्या आणि तिथंच, म्हशीच्या मानेवर डोकं टेकून उभ्या राहिल्या. नंतर त्यांनी तक्रार दिली. मी जबाब दिला, व्हिडिओ मशीनचा असल्याचं लिहून सही केली. अण्णांनी नात दाखवणं बंद केलं. चौकशी चालू आहे म्हणतात. त्यातून काय निघेल ते माहीत नाही. रूपाली पडली की ढकलली, ते कुणीच बघितलेलं नाही, म्हणून मी ते बोलणार नाही. गावात लोक म्हणतात, साउंडवाल्यानं एका म्हातारीची नात तोडली. त्यात खोटं काही नाही. हे सगळं तात्यांना सांगायला मी जंक्शनला जाणार होतो. आज जाऊ, उद्या जाऊ. तोंड दाखवायचा धीर होईपर्यंत ते गेले.

तर, त्या दिवशी मावशींचा निरोप घेऊन आम्ही रस्त्यावर आलो. तात्या पुढं, मी मागं. इंदापूरची गाडी आली, जुनी लाल, त्यांच्या वेळची. तात्यांनी हात केला. गाडी थांबली, ते चढले. कंडक्टर पुढच्या बाजूला तिकिटं काढत होता. मी पायरीवर पाय ठेवणार, तेवढ्यात तात्या दारात वळून उभे राहिले. डावा हात दांड्यावर. माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. उतरायचं गाव चुकलेल्या पॅसेंजरकडं बघावं तसं.

मग त्यांनी उजवा हात वर केला, छताची दोरी धरली आणि ओढली. एकदा. आणि पुन्हा एकदा.

गाडी निघाली. मी रस्त्यावरच राहिलो. धूळ खाली बसल्यावर वस्तीकडं वळलो.